परतीची गाडी

"मग पाटी मठाच्या दारावर लावू ना, आप्पाजी?" मन्मथनं तिसऱ्यांदा विचारलं.

महालिंग आप्पा मठाच्या अंगणात बसून गोणी शिवत होते. दाभण थांबलं नाही.

मन्मथ त्यांचा जुना शिष्य. आता तालुकाभर बिस्किटं, वेफर्स आणि साबण पोचवणाऱ्या एजन्सीचा मालक. पाटी चांगली जाड लाकडाची, पाच फुटी. 'निसर्गरक्षण हेच आमचे वचन.' उद्या कंपनीचे साहेब ती बघायला येणार होते. पण साहेब हे निमित्त. आप्पाजींच्या तोंडून एकदा 'चांगलं केलंस' ऐकावं, यासाठी मन्मथचा जीव वरखाली होत होता.

"तुझी गाडी इकडं कधी येते?"

"दर बुधवारी. आज तिच्यातूनच आलो."

"येताना?"

"भरून."

"जाताना?"

"रिकामी." मन्मथनं घाईनं भर घातली. "रिकाम्या गाडीला डिझेल कमी लागतं, आप्पाजी. तेही पाटीवर लिहायचं होतं, जागा पुरली नाही."

आप्पाजी गालात हसले. उठले आणि त्याला मठामागं घेऊन गेले.

भिंतीला टेकून गोण्या उभ्या होत्या. मन्मथनं एकीत हात घातला. बिस्किटांचे कागद, वेफर्सची पाकिटं, साबणाची वेष्टनं... सगळी धुऊन वाळवलेली, सगळी त्याच्याच मालाची. वर्षभर म्हातारा हे सगळं गावच्या ओढ्यातून वेचत होता.

"बनवते कंपनी, टाकतात लोक," मन्मथचा आवाज चढला. "माझं काम फक्त पोचवायचं."

"कुठवर?"

"दुकानापर्यंत."

"ओढ्यापर्यंत पोचलंय की."

...

मन्मथला आधी राग आला, मग लाज वाटली. मग, का कुणास ठाऊक, एकदम हलकं वाटलं. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या त्यानं वर सारल्या आणि ड्रायव्हरला हाक मारली.

"इरफान, गाडी इकडं मागं घे."

"परतीला माल हाय, मालक?"

"हाय. आता दर बुधवारी."

दोघांनी गोण्या चढवल्या. थर गाडीच्या मागच्या फाळक्याच्याही वर गेला आणि वरच्या दोन गोण्या घसरू लागल्या. आडवी लावायला एखादी फळी मिळते का, म्हणून मन्मथनं इकडंतिकडं पाहिलं. नजर पाटीवर गेली.

ती त्यानं स्वतःच उचलून आणली, गोण्यांना आडवी लावली आणि दोरीनं कचकचून बांधली. घाम पुसताना त्याला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी अंग दुखेपर्यंत काम केलं होतं, आणि ते बरं वाटत होतं.

इरफान डोकं खाजवत म्हणाला, "मालक, अक्षरं आतल्या अंगाला गेली. उद्या सायबांनी वाचायची कशी?"

मन्मथनं आप्पाजींकडं पाहिलं.

आप्पाजींनी नुकतीच शिवून झालेली रिकामी गोणी झटकली, नीट घडी घातली आणि शालीसारखी त्याच्या खांद्यावर ठेवली.

"राहू दे. ज्यानं वाचायची, त्यानं वाचली."