राजाच्या कुत्र्याचा बिल्ला

एका राज्यात कुत्र्यांविषयी मोठा चोख कायदा होता. ज्याच्या घरी कुत्रा, त्याने चावडीवर यावे, रांगेत उभे राहावे आणि कुत्र्याच्या मानेवर हात ठेवून म्हणावे, "हा माझा. याने केलेले माझ्या माथी." मग कारकून तांब्याच्या बिल्ल्यावर शिक्का ठोकी आणि तो बिल्ला कुत्र्याच्या गळ्यात पडे. कायदा राजा प्रतापशेखराने स्वतः केलेला, आणि त्याचा त्याला कोण अभिमान! फक्त त्याचा स्वतःचा कुत्रा चंद्रहास तेवढा बिनबिल्ल्याचा हिंडे. राजाच्या कुत्र्याला रांगेत उभे करावे, हे कुणाच्या मनातही आले नाही. राजाच्या तर नाहीच नाही.

एके दिवशी चंद्रहासाने धूम्राक्ष नावाच्या मांत्रिकाच्या पोटरीचा लचका तोडला. मांत्रिकाने विचारले, कुत्रा कुणाचा? वाटेवरचे सगळे लोक खाली बघू लागले. तेव्हा तो म्हणाला, "जिथे एका कुत्र्याला धनी नाही, तिथे बाकीच्यांनी तरी का भुंकावे?" त्याने मूठभर राख उधळली, आणि राज्यातली सगळी कुत्री जागच्या जागी दगड झाली. चंद्रहास तेवढा शेपूट हलवत राजवाड्यात परतला.

माळावर भिवरा नावाची धनगरीण राही. तिच्या ढवळ्याच्या गळ्यात बिल्ला होता, तरी तोही मेंढवाड्याच्या दाराशी दगड होऊन बसला. लांडगे भरदिवसा मेंढ्या नेऊ लागले. मेंढ्यांचे दुःख होतेच, पण ढवळ्याला तिने बोट बुडवून दूध चाटवत वाढवले होते. त्याच्या गार डोक्यावर हात ठेवून ती ढसाढसा रडली.

तेव्हा एक टिटवी ढवळ्याच्या पाठीवर उतरली आणि बोलू लागली. सातवा सूर्य मावळला की दगड तो दगडच, असे तिने बजावले. शाप उतरवायचा तर नागाच्या कुंडातले तांबे आणावे, लांडग्याच्या केसांची दोरी वळावी, आणि त्या दोरीत त्या तांब्याचा बिल्ला ओवून चंद्रहासाच्या गळ्यात धन्याच्याच हातून बांधवावा.

भिवरा निघाली. कुंडाभोवती हावरटांची हाडे पडली होती आणि आत सोने नुसते लखलखत होते. तिने तळहाताएवढा तांब्याचा तुकडा उचलला. नागाने विचारले, "सोने नको?"

"सोन्याचा बिल्ला कायद्यात न्हाई," भिवरा म्हणाली. नागाने वाट दिली.

लांडगा दुपारी पोटभर खाऊन घोरत होता. भिवराने कातर काढली आणि मेंढीला कातरावे तसे त्याला शेपटापासून कानापर्यंत कातरले. जागा झाल्यावर तो लाजून महिनाभर गुहेबाहेर पडला नाही म्हणतात.

तिसरे काम मात्र जड होते. सातव्या दिवशी, उन्हे कलताना, ती दरबारात उभी राहिली, लांडग्याच्या केसांच्या दोरीत ओवलेला तांब्याचा बिल्ला तिने पुढे केला आणि महाराजांना चावडीवर बोलावले. मंत्री खवळले. महाराजांनी चावडीची पायरी चढावी, ही कसली मागणी? भिवराने त्यांच्याकडे पाहिलेही नाही.

"महाराज, कुत्रं तुमचं हाय का न्हाई, येवढंच सांगा."

राजाने खाली पाहिले. चंद्रहास त्याच्या पायाशी बसून त्याच्याकडेच बघत होता. मग राजाने मुकुट सिंहासनावर ठेवला, कुत्र्याला उचलले आणि तो चावडीकडे चालू लागला. कारकुनाने नेमाप्रमाणे धन्याचे नाव विचारले आणि राजाने ते सांगितले. साऱ्या गावासमोर चंद्रहासाच्या मानेवर हात ठेवून तो म्हणाला, "हा माझा. याने केलेले माझ्या माथी."

शिक्का ठण्णकन पडला. राजाने स्वतः दोरी बांधली, आणि गल्लीगल्लीतून, माळामाळातून भुंकणे उसळले. लोक आनंदाने रडू लागले. धूम्राक्ष लंगडत पुढे आला. राजाने खाली बसून आपल्या शेल्याने त्याची जखम बांधली, आणि मांत्रिकाने उरलेली राख वाऱ्यावर सोडून दिली.

इतक्यात माळावरून ढवळ्या बाणासारखा आला आणि राजावरच भुंकू लागला. शिपाई धावले. राजाने त्यांना थांबवून विचारले, "हा कुणाचा?"

भिवराने ढवळ्याच्या ऊन मानेवर हात ठेवला. डोळे भरले होते, पण आवाज साऱ्या चावडीला ऐकू गेला. "हा माझा. यानं केलेलं माझ्या माथी."

जसा चंद्रहासाला धनी मिळाला, तसा मुक्या जिवांना सगळीकडे मिळो, आणि त्या रांगेत राजापासून रंकापर्यंत सारे उभे राहोत.