बारवेची नव्वदावी पायरी

एका राज्यात एक बारव होती. तिला शंभर पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरी एकेक वर्ष मागे उतरत होती. पहिल्या पायरीवर गेल्या वर्षीचं ऊन अंगावर पडे, दहाव्या पायरीवर दहा वर्षांपूर्वी वारलेली माणसं भेटत. एका मांत्रिकाने ती बांधली होती. तो गेला, त्याची विद्या गेली, बारव तेवढी मागे राहिली. अशा लोकांचं असंच असतं, निस्तरायचं दुसऱ्यांनी. लोक पाणी नदीवरून आणत आणि बारवेकडे न बघता पुढे सरत.

त्या राज्यात एक रीत होती, आपल्याकडे आहे तीच. घरातून निघणारा 'जातो' म्हणत नसे. उंबरठ्यावर थांबून 'येतो' म्हणे, आतलं माणूस 'ये' म्हणे, मगच पाऊल बाहेर पडे. पण गावकुसालगत एक आळी होती, तिला फितुरांची आळी म्हणत. नव्वद वर्षांपूर्वी राजा चारशे शिपाई घेऊन मोहिमेवर निघाला, तो परतलाच नाही. त्याच्या भावाने गादीवर बसताच दप्तरात लिहवून घेतलं की फौज फितूर झाली आणि राजाला तिनेच संपवलं. वर्षाच्या आत शिपायांच्या घरांचे उंबरठे उपटले गेले. आता बिनउंबरठ्याच्या घरात थांबायचं कुठे आणि म्हणायचं काय? तीन पिढ्यांत ती रीत आळीतून पुसली गेली. लोक नुसते उठत आणि चालू लागत.

राही त्याच आळीतली, बारा वर्षांची. ती भाकऱ्या करायला शिकली होती, पण तिच्या प्रत्येक भाकरीची एक कड करपायचीच. तिचा भाऊ हैबती सात वर्षांचा. एका भर दुपारी आई रानात असताना तो करडामागे धावत निघाला, कोणाला चकार शब्द न बोलता. घटकाभराने करडू एकटंच परतलं. राहीने शिदोरीची भाकरी तशीच कमरेला बांधली आणि शोधत निघाली. हैबतीची टोपी तिला बारवेच्या काठावर सापडली.

काठावरच्या कोनाड्यात एक होला बसला होता. तो म्हणाला, "तुझा भाऊ खाली गेला. न सांगता निघालेल्याला ही बारव ओढते. पायरीगणिक तो काही ना काही विसरतो आहे. आईला तर तो केव्हाच विसरला. दिवस मावळला की तुलाही विसरेल."

 राहीने पाऊल उचललं, तशी होल्याने तिला हटकलं आणि निघताना काय म्हणायचं असतं ते विचारलं. तिला ठाऊक नव्हतं. मग त्या पाखराने तिला तिच्याच पणज्यांची रीत शिकवली.

"मी येते," राही म्हणाली.

"ये," होला म्हणाला. "वाटेत तिघं भेटतील. पहिल्याला नाही म्हणू नकोस. दुसऱ्याने दिलेलं खाली ठेवू नकोस. तिसऱ्याला भिऊ नकोस."

ती उतरू लागली. पायऱ्यांवर माणसं होती, पण त्यांच्या पापण्या लवत नव्हत्या आणि उन्हात त्यांना सावल्या नव्हत्या. तिसाव्या पायरीवर दुष्काळाचं वर्ष होतं. झाडांच्या साली सोललेल्या होत्या. राहीच्याच वयाची एक मुलगी मातीत बसून होती. तिने मान वर केली आणि खायला मागितलं. ती भाकरी राहीने भावासाठी राखली होती. पण नाही म्हणायचं नव्हतं. तिने सगळीच्या सगळी भाकरी त्या मुलीच्या हातावर ठेवली.

एकोणनव्वदाव्या पायरीवर तिची आळीच होती. दरबारचे लोक पहारींनी उंबरठे उचकटत होते, बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या. राहीच्याच घरापुढे एका म्हाताऱ्याने आपल्या दाराचा उंबरठा छातीशी धरला होता. तो राहीच्या हातात देत म्हणाला, "घरी ने, पोरी. माझा लेक फितूर नाही. तो आला की त्याला दार ओळखता आलं पाहिजे." लाकूड ओंडक्याएवढं जड होतं. खांदा सोलून निघाला, तरी राहीने ते खाली ठेवलं नाही.

नव्वदाव्या पायरीवर मोहिमेची सकाळ होती. राजवाड्यासमोर चारशे शिपाई उभे होते, पुढे राजा घोड्यावर. प्रत्येक शिपायाच्या तळहातावर बायकोने ठेवलेलं दही होतं. नव्वद वर्षांत ते सुकलं नव्हतं आणि कोणी चाटलंही नव्हतं. शेवटच्या रांगेत, न पेलणारा भाला धरून, हैबती उभा होता. राहीने त्याला हाक मारली. त्याने शांतपणे विचारलं, "तू कोणाची?"

राहीला रडू फुटलं. तेवढ्यात वाड्याच्या दारातून राणी आली. राजाकडे न बघता ती 'जा' एवढंच म्हणाली आणि दार लागलं. फौज चालू लागली, पखाली भरायला बारवेत उतरली आणि पुन्हा वाड्यासमोर येऊन उभी राहिली. दार उघडलं. राणीने 'जा' म्हटलं. दार लागलं. राहीने हे तीनदा पाहिलं आणि तिला कळलं, 'या' न ऐकता निघालेली ही फौज बारवेतच अडकली होती. चौथ्यांदा दार उघडलं तेव्हा ती खांद्यावरच्या लाकडासकट दारात आडवी उभी राहिली.

"हे काय आहे?" राणीने विचारलं.

"आमच्या घराचा उंबरठा, राणीसाहेब. तुमची माणसं परतली नाहीत, म्हणून आम्हाला फितूर ठरवलं आणि हा उपटला. माझा भाऊसुद्धा त्यांच्यात अडकलाय."

राणीचा चेहरा उतरला. "मी त्यांना जाऊ नका म्हटलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. मी रागावले."

राहीला आई आठवली. धपाटा घालून बाहेर हाकलायची, पण दिवेलागणीला हाक मारायची. ती म्हणाली, "रागवायचं तर खुशाल रागवा. पण 'या' म्हणून रागवा."

 मग राणीने त्या लाकडावर हात ठेवला आणि राजाकडे बघितलं.

"या," ती म्हणाली.

चारशे शिपायांनी तळहातावरचं दही चाटलं. हैबतीची पापणी लवली. "राही, करडू कुठंय?" त्याने विचारलं.

ती त्याचा हात धरून चढू लागली आणि फौज मागोमाग निघाली. साठाव्या पायरीवर राहीने वळून पाहिलं, तर शिपायांच्या दाढ्या पांढऱ्या झाल्या होत्या. तिसाव्या पायरीवर त्यांच्यातून पलीकडची भिंत दिसत होती. पहिल्या पायरीवर दिसण्याजोगं कोणी उरलं नव्हतं, फक्त पावलं वाजत होती. सूर्य टेकला होता.

पावलं आळीत शिरली आणि एकेका दारापुढे थांबली. राहीची आई रानातून येऊन दारात उभी होती. मुलांना बघून तिचे डोळे भरले, पण समोर पावलं वाजली तशी ती जागीच खिळली. राहीने उंबरठा दारात आडवा ठेवला. आईला ही रीत कोणी शिकवली नव्हती. तरी तिच्या तोंडून आपसूक शब्द आला, "या." एक पाऊल उंबरठा ओलांडून आत गेलं. ते पाहून शेजाऱ्यांनी कोणी पाट, कोणी मुसळ दारात आडवं घातलं. घराघरातून 'या', 'या' ऐकू येऊ लागलं. राजाची पावलं वाड्यापाशी थांबली. तिथे गादीवरच्या राजाला, त्या भावाच्या पणतवाला, स्वतः दारात येऊन 'या' म्हणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी दप्तरातली ओळ बदलली गेली आणि आळीत सुतार आले. बारवेच्या पायऱ्या आता नुसत्या दगडाच्या होत्या, लोक त्यांवरून पाणी भरू लागले. राहीने आईला सगळी हकिगत सांगितली. आई म्हणाली, "दुष्काळात मला एका पोरीनं भाकरी दिली होती. एका कडेनं करपलेली." तिने राहीला जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

त्यानंतर एका सकाळी आई पाण्याला गेली होती, राही अंगण सारवत होती. घरात कोणी नव्हतं. हैबती खेळायला निघाला, नव्या सवयीने उंबरठ्यावर थांबला आणि म्हणाला, "येतो."

"ये," रिकाम्या घरातून एका पुरुषाचा आवाज आला.

हैबती निघून गेला. राहीचा हात शेणात तसाच थांबला होता. तिने आत वाकून बघितलं नाही. तिने पुन्हा सारवायला घेतलं आणि उंबरठ्यापाशी जरा जपून हात फिरवला.