मन्मथशेठच्या गाडीची काच

"मग आधी वाकायचं कुणी, अप्पा? बापानं की लेकानं?"

चन्नवीर अप्पांनी पुढची शेंग उचलली. ते मठाच्या ओट्यावर ऊन खात बसले होते आणि ओल्या तुरीच्या शेंगा सोलत होते. एक शेंग फुटली, दाणे वाटीत पडले. दुसरी किडकी निघाली, ती त्यांनी बाजूला टाकली.

समोर सतरंजीवर मन्मथशेठ अंबेसंगे बसले होते. उदगिरात त्यांची डाळमिल. मठातल्या सणावारांना डाळ त्यांच्याच मिलमधून यायची. ही गोष्ट ते कधी बोलून दाखवत नसत, पण समोरच्यानं ती विसरू नये एवढी काळजी मात्र घेत.

तसे ते सल्ला मागायला आले होते. पण मनातून त्यांना निकाल हवा होता, आणि तोही आपल्या बाजूचा.

भानगड अशी होती. शेठचा एकुलता एक मुलगा संगमेश सोलापुरात राहायचा. चार वर्षांत तो घरी आला नव्हता आणि शेठ त्याच्याकडे गेले नव्हते. मधल्या काळात त्याचं लग्न झालं, तेही शेठना फोटोतच दिसलं. आता मुलगी झाली होती. उद्या रविवारी तिचं बारसं होतं. आमंत्रणाचा फोन सुनेनं केला, संगमेशनं केला नाही, आणि हे शेठना फार लागलं होतं.

बायको, महादेवीबाई, कालच एसटीनं निघून गेल्या. भांडण नाही, रडणं नाही. पिशवी भरली, पायात चप्पल घातली आणि म्हणाल्या की मी चालले, तुम्हाला यायचं असेल तर या, नातीला आजोबा नसला तरी नाव ठेवता येतं.

"त्यानं येऊन पाय धरावेत," शेठ म्हणाले. "मग मी जातो. बापाचा काही मान आहे की नाही? तुम्हीच सांगा. तुम्ही सांगाल तसं."

अप्पांनी वाटीवर फडकं टाकलं.

"गाडी आणलीस का?"

"आणलीय की."

"खालच्या वस्तीवर इरप्पा आजारी आहे. हे दाणे द्यायचेत त्याला. सोड मला तिथवर."

शेठ जरा हिरमुसले. पण लगेच त्यांना बरंही वाटलं. कारण अप्पा गाडीत बसणार होते, आणि गाडीत बसलेल्या माणसाला फार काही समजावून सांगावं लागत नसे.

त्याचं कारण छतात होतं.

गाडी जुनी झाली होती. घेतली तेव्हा मात्र छताला उघडणारी काच असलेली गाडी गावात दुसरी नव्हती. लोक बघायला यायचे. एकजण तर म्हणाला होता की शेठ, एवढी महाग गाडी आणि वरून फुटकी कशी दिली? शेठ हसले होते, बटण दाबून काच मागे सरकवून दाखवली होती. तेव्हा संगमेश शाळेत होता. तो सीटवर उभा राहून छतातून डोकं बाहेर काढायचा आणि मिलपर्यंत वाटेतल्या सगळ्यांना हात करायचा.

आता ती काच फुटलेली होती. फुटून खाली पडली नव्हती, एवढंच. आतून लावलेल्या काळ्या फिल्मनं तिला धरून ठेवलं होतं. सगळी काच बारीक साखरेसारखी तडकली होती आणि मधोमध वर दबलेला एक खळगा होता. त्यावर रुंद चिकटपट्टीचे थर होते. पावसाळ्यात शेठ वरून मेणकापड बांधत, तरी पाणी यायचं, आणि महादेवीबाई डोक्यावर टॉवेल घेऊन बसायच्या. पुढे पुढे त्यांनी गाडीत बसणंच सोडलं.

गाडीत जो कोणी बसे, तो आधी वर बघे. मग विचारी, "हे काय झालं, शेठ?"

आणि शेठ सांगत.

सांगून सांगून ती हकीकत गुळगुळीत झाली होती. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, कुठे नुसताच सुस्कारा सोडायचा, सगळं ठरलेलं. व्यापारी ऐकत, पाहुणे ऐकत, लिफ्ट मागणारा अनोळखी माणूसही ऐके. शेवटी ऐकणारा मान हलवून म्हणे, "काय करता, घरोघरी मातीच्या चुली." ते ऐकलं की शेठना दिवसभर बरं वाटायचं.

अप्पा पुढच्या सीटवर बसले. दाण्यांची वाटी मांडीवर घेतली. वर बघितलं नाही.

गाडी मठाच्या उतारावरून खाली आली. दोन्ही बाजूंना शेंगांनी लगडलेली तूर होती. अप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. यंदा तुरीला शेंग बरी धरलीय, असं म्हणाले. शेठ हो म्हणाले आणि वाट बघत राहिले.

पुढे एक खड्डा होता. तो चुकवता आला असता. शेठनी चुकवला नाही.

छतावर काच करकरली. तिचे दोन-तीन कण अप्पांच्या उपरण्यावर पडले. अप्पांनी ते बोटाच्या टोकानं टिपले, खिडकीची काच खाली करून बाहेर टाकायला गेले, मग थांबले. रस्त्यावर अनवाणी माणसं चालतात. त्यांनी ते कण कागदाच्या कपट्यात बांधून कनवटीला लावले.

तरी वर बघितलं नाही.

शेठच्यानं राहवेना.

"अप्पा, तुम्ही वर बघितलं नाहीत."

"बघू का?"

"म्हणजे... बघा की. चार वर्षं त्या काचेखाली बसतोय मी."

आणि मग त्यांनी सांगितलं. लातूरहून परत येताना गाडीतच बोलणं निघालं. संगमेश म्हणाला की मी मिलमध्ये बसणार नाही, सोलापुरात नोकरी धरलीय. ज्या मिलनं तुला वाढवलं तिला लाथ मारतोस का, असं आपण विचारलं. शब्दाला शब्द लागला. आणि पोटच्या पोरानं, बापाच्या शेजारी बसून, बापाच्या गाडीत, मूठ वळली आणि वर काचेवर मारली. हातात स्टीलचं कडं होतं. काच तडकली. पोरगा पुढच्या फाट्यावर उतरला तो आजपर्यंत घरी आला नाही.

एवढं सांगून शेठ ठरल्या जागी थांबले. आपण त्याआधी नेमकं काय काय बोललो होतो, ते हकीकतीतून केव्हाच गळून गेलं होतं. बोलणाऱ्याला आपले शब्द कुठे जड लागतात?

अप्पांनी "अरेरे" म्हटलं नाही. चुलींचंही काही बोलले नाहीत.

"काच नवी मिळत नाही का?" त्यांनी विचारलं.

"गाडी जुनी झाली, अप्पा. कंपनीनं मॉडेलच बंद केलं. कुठून मिळणार?"

"कुठेच नाही?"

शेठनी गिअर बदलला. गाडीत दुसरं कोणी असतं तर ते खोटं बोलले असते. पण भगव्या उपरण्याशेजारी बसून ते जमेना.

"खलील मिस्त्रीनं हुडकली होती," ते म्हणाले. "भंगारात गेलेल्या तसल्याच गाडीची. अख्खी होती. त्यानं मला फोन पण केला. नको असेल तर वरून पत्रा मारून कायमचं बंद करून देतो, पाणी तरी यायचं नाही, असंही म्हणाला."

"मग?"

"मग... नाही बसवली."

"का रे?"

एक बैलगाडी समोरून आली, तिला वाट देण्याच्या निमित्तानं शेठना थोडा वेळ मिळाला.

"बसवली असती तर लोकांना कसं कळलं असतं, अप्पा? त्यानं काय केलं ते?"

हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही. आता तोंडून निघून गेल्यावर त्यांना चार माणसांत धोतर सुटल्यासारखं झालं.

अप्पा हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

"गाडी थांबव जरा," ते म्हणाले.

शेठनी लिंबाच्या झाडाखाली गाडी घेतली. इंजिन बंद केलं. आता बोलणी बसणार, असं वाटून त्यांनी मान खाली घातली.

अप्पांनी पहिल्यांदा वर बघितलं. नीट बघितलं, वैद्य जीभ बघतो तसं. मग मांडीवरची वाटी शेठच्या हातात दिली. आपला वाळका हात वर उचलला, मूठ वळली आणि हळूच काचेतल्या त्या खळग्यात टेकवली.

"इथं?"

"हो. तिथंच."

अप्पांनी हात काढला नाही. मूठ खळग्यात तशीच राहिली. काचेखाली ती म्हाताऱ्याची हाडकी मूठ बघताना शेठना कसंतरीच व्हायला लागलं. हात काढा म्हणावं असं वाटलं, पण म्हणवेना.

"लागलं असेल," अप्पा म्हणाले.

"कुणाला?"

अप्पांची मूठ तिथंच होती.

काचेबद्दल शेठना काहीही विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. तडा कुठून सुरू झाला, कुठपर्यंत गेला, उन्हाळ्यात कुठे वाढला, सगळं तोंडपाठ. पण हाताबद्दल... हात त्यांना दिसेना. पोरगा दिसत होता, लाल झालेला चेहरा दिसत होता, फाट्यावर धाडकन लावलेलं दार दिसत होतं. मनगटाच्या पुढे काहीच नव्हतं.

मग त्यांना डाग आठवला.

काचेच्या कडेला, छताच्या पांढरट कापडावर, बोटं ओढल्यासारखा एक डाग होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दिसला होता. तपकिरी. कापड खराब केलं म्हणून शेठ चिडले होते. बादलीत पाणी घेऊन, ब्रश घेऊन स्वतः घासत बसले होते. महादेवीबाई पायरीवर उभ्या होत्या. त्या काहीतरी म्हणाल्या होत्या, पण शेठनी ऐकलं नव्हतं. डाग निघत नव्हता ना.

शेठनी वर बघितलं. कापड स्वच्छ होतं.

"अप्पा..." शेठ म्हणाले. "रक्त होतं ते. मी साबण लावून काढलं."

अप्पांनी आता हात खाली घेतला.

शेठ स्टीअरिंगवर डोकं टेकून रडले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण पीळ गेला तर माणूस एकदम सैल पडतो. सगळ्या गावाला जखम दाखवत फिरलो आणि जखम झाली होती ती दुसऱ्यालाच, एवढं एकच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. लिंबावर पोपट ओरडत होते. मांडीवर दाण्यांची वाटी होती, ती सांडू नये म्हणून एका हातानं त्यांनी धरून ठेवली होती.

अप्पा बसून राहिले. घाई केली नाही, पाठीवर हातही ठेवला नाही.

थोड्या वेळानं शेठनी रुमालानं तोंड पुसलं आणि गाडी सुरू केली. इरप्पाची वस्ती जवळच होती. रस्ता चांगला नव्हता. या खेपेला त्यांनी प्रत्येक खड्डा चुकवला.

वस्तीवर अप्पा उतरले. शेठनी वाटी त्यांच्या हातात दिली, खाली उतरून हात जोडून शरणार्थ केला आणि मघाचा प्रश्न पुन्हा विचारायला गेले. तो प्रश्न आता तोंडात मावेना. कुणी आधी वाकायचं, हे विचारण्यात काही अर्थ उरला नव्हता. पण मोकळ्या हातानं कुठे जाण्याची शेठना सवय नव्हती. त्यांना काहीतरी बरोबर हवं होतं, निदान एखादं वाक्य.

"उद्या सकाळी निघतो," ते म्हणाले. "जाताना मिस्त्रीकडे जाऊन काच बसवून घेऊ का आधी?"

"त्याला दिवस लागेल. बारसं होऊन जाईल."

"मग हीच गाडी घेऊन जाऊ? अशीच? त्याच्या दारात?"

अप्पांनी मान हलवली. हो की नाही, ते शेठना कळलं नाही.

इरप्पाच्या घरातून खोकल्याचा आवाज आला. अप्पा तिकडे वळले. शेठ दोन पावलं त्यांच्या मागे गेले.

"अप्पा, दार उघडल्यावर मी त्याला म्हणू काय? झालं गेलं विसरलो म्हणू? माफ केलं म्हणू? मलाच माफ कर म्हणू?"

अप्पा उंबऱ्यापाशी थांबले. वळून त्यांनी शेठकडे बघितलं.

"तसलं काही म्हणू नको, मन्मथा," ते म्हणाले. "कोणता हात होता, तेवढं विचार."