डोळे मिटून भरलेली धोकटी

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की तेव्हा खेचरं बोलत असत. आणि इतकी नवी, की तेव्हा कॅमेऱ्यात फिल्म घालत असत. लहानांनो, आणि लहानांच्या आडून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, हे कसं जमलं ते विचारत बसू नका. त्या नदीकाठच्या गावाकडे बघा. उतारावरून एक मुलगी झपाझप येते आहे, आणि तिच्या मागून सात पेट्या पाठीवर घेऊन एक खेचर धापा टाकत येतं आहे.

मुलगी याच गावची. लहानपणी दूरदेशी गेली, तिथे फोटो काढायची विद्या शिकली, आणि आता जन्मभर इथेच राहायचं ठरवून परतली. तिला वाटलं होतं, पेट्या उघडताच गाव तोंडात बोट घालेल. म्हातारे म्हणतील, असलं काही आम्ही जन्मात पाहिलं नाही. पण गावाने तिला पाणी दिलं, गूळ दिला आणि एक धोकटी दिली. जाड्याभरड्या कापडाची, खांद्याला अडकवायची, जेमतेम एक कोंबडी मावेल एवढी.

"हे काय?" मुलीने विचारलं.

"तुझी धोकटी," म्हातारी नावाडीण म्हणाली. "विसरलीस होय?"

त्या गावाची रीतच होती. सुतार असो, न्हावी असो, कारागीर म्हणून गावात बसायचं तर आधी धोकटी भरायची. आणि ती भरायची डोळे मिटून. आपली हत्यारं चाचपायची. हाताला जे ओळखू येईल, त्याचं नाव घेऊन ते आत टाकायचं. बाहेर राहील ते गावात वाटून टाकायचं, आणि मग जन्मभर तेवढ्यावर काम करायचं. ज्याला हे मान्य नसेल, त्याला गाव जेवू घालत असे, पण काम देत नसे.

मुलगी हसली. "आजी, हे काही रंधा-पटाशीचं काम नाही. लांबचं टिपायला एक भिंग, जवळचं टिपायला दुसरं. रंगाला वेगळा कॅमेरा, काळ्यापांढऱ्याला वेगळा!"

"असेल बाई. परवा सकाळी बघू." नावाडीण तिच्याजवळ सरकली. "त्याआधी उद्या माझा एक फोटो काढ. उद्या मी वल्हं खाली ठेवते. साठ वर्षं झाली. नावेत उभी असलेली मी दिसले पाहिजे बघ. आमच्या धन्यांचा एकही फोटो नाही गं माझ्याकडे. नाक कसं होतं, तेसुद्धा आता आठवेनासं झालंय. माझ्या नातीला तसं व्हायला नको."

मुलीचं मन आनंदाने उसळलं. याचसाठी तर ती परतली होती! "आजी, असा फोटो काढते, की तुझी नदीसुद्धा वळून बघेल."

दुसऱ्या दिवशी उन्हं वर येताच सारं गाव काठावर जमलं. मुलीच्या गळ्यात पाच कॅमेरे लोंबत होते.

खेचराने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बाई आहेस, की कॅमेरे लागलेलं झाड?"

"तू गप रे! तुला यातलं काय कळतं?"

"वजन कळतं," खेचर म्हणालं.

नाव सुटली. पाण्यावर उन्हाचे तुकडे नाचू लागले. मुलगी काठाने धावत होती, एक कॅमेरा सोडून दुसरा धरत होती, भिंगं फिरवत होती. आणि मधल्या धारेत नावाडिणीने पाठ ताठ केली, वर पाहिलं आणि ती हसली. साठ वर्षांची सगळी नदी त्या हसण्यात होती.

खट्!

"मिळालं!" मुलगी वाळूत उड्या मारू लागली. "आजी, मिळालं गं!"

नाव काठाला लागत होती. आता वल्हं नातीच्या हाती जाईल, तेही टिपायला हवं. मुलीने घाईघाईने गळ्यातला रिकामा कॅमेरा ओढला आणि नवी फिल्म भरायला त्याचं पाठीमागचं दार उघडलं.

तो रिकामा नव्हता. आतली फिल्म भर उन्हात लखलखली. हसणारी नावाडीण त्याच फिल्मवर होती, आणि ऊन लागलेल्या फिल्मवर काहीही उरत नाही.

उरलेल्या चारांपैकी दोन खरोखरच रिकामे निघाले. एकाची बॅटरी संपली होती. चौथ्याच्या भिंगावरचं झाकण काढायचंच राहिलं होतं.

तोवर नावाडिणीने वल्हं नातीच्या हाती दिलं होतं.

"आजी, एकदाच परत धर ना! एवढं एकदाच!"

"नाही गं," म्हातारी म्हणाली. "एकदा ठेवलेलं वल्हं परत धरायचं नाही. माझ्या सासऱ्यांनी धरलं नाही, मी कशी धरू?"

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं, असं मुलीला झालं. म्हातारी नुसती तिच्या गळ्यातल्या कॅमेऱ्यांकडे बघत होती. "साठ वर्षांत मी वल्ह्याकडे कधी बघितलं असेल, असं वाटतं तुला? मी वल्ह्याकडे बघत बसले असते, तर नदीकडे कुणी बघितलं असतं?"

दुपारभर मुलगी आपल्या पेट्यांपाशी बसून राहिली. खेचर शेजारी येऊन गवत चघळू लागलं.

"पेट्या माझ्या पाठीवर होत्या, पोरी," ते म्हणालं, "पण वाकलीस तू."

मुलीला दूरदेशीच्या शाळेतली पहिली खोली आठवली. दार बंद, मिट्ट काळोख, आणि काळोखातच बोटांनी चाचपत फिल्म चकरीवर गुंडाळायची. डोळे उघडे असून काही दिसत नसे, पण बोटं चुकत नसत. तेव्हा तिच्याकडे एकच कॅमेरा होता. त्या कॅमेऱ्याने किती पाहिलं होतं! मग पेट्या वाढत गेल्या, आणि ती पेट्यांकडेच बघत राहिली.

ती ताडकन उठली. तिला हसू येत होतं, रडूही येत होतं. सकाळ कधी होते असं तिला होऊन गेलं.

सकाळी गाव जमलं. सातही पेट्या उघडल्या. मुलीने डोळे मिटले आणि पहिल्या पेटीत हात घातला.

"हे लांबचं भिंग... नाही, थांबा. हे दुसरं..." तिने ते खाली ठेवलं. लोक खुसुखुसू हसले. दुसरी पेटी झाली, तिसरी झाली, धोकटी रिकामीच. पाचव्या पेटीत तिची बोटं एका कोपऱ्यातल्या पोच्यावर थांबली. शाळेच्या पायऱ्यांवरून कॅमेरा पडला होता, तेव्हाचा तो पोचा.

"हा माझा!" ती ओरडलीच. "लोखंडासारखा जड, बॅटरीवाचून चालणारा. आणि हे त्याचं भिंग. समोर बसलेल्या माणसाला जेवढं दिसतं, तेवढंच हे दाखवतं. मला तेवढं पुरे!"

मग एकाच जातीच्या काळ्यापांढऱ्या फिल्मच्या डब्या आत गेल्या. फिल्म धुवायचा डबा गेला, ती चकरी गेली. ती थांबली.

"आणि ऊन मोजायचं ते यंत्र?" सुताराने विचारलं.

"ऊन मी सावलीवरून ओळखेन, काका. शिकेन."

"अजून एक अंडं मावेल," खेचर म्हणालं.

"राहू दे ती जागा मोकळी!"

लांबचं भिंग धनगराच्या घरी गेलं, कळपातून चुकलेली मेंढरं शोधायला. पेट्यांमध्ये लोकांनी धान्य भरलं. मुलगी मात्र धोकटी खांद्याला अडकवून धावत काठावर गेली. नात नाव सोडत होती, आणि नावेत, साठ वर्षांत पहिल्यांदाच, नावाडीण उतारू होऊन बसली होती. रिकाम्या हातांचं काय करावं, ते तिला कळेना. तिने ते गुडघ्यांवर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले, आणि स्वतःचंच तिला हसू फुटलं.

मुलीची नजर तिच्यावरून हलली नाही. बोटांनी भिंग आपोआप फिरवलं.

खट्!

तो फोटो नातीच्या घरात आहे, आणि म्हातारीचं नाक कसं होतं ते आता कुणीही विसरणार नाही. मुलीने त्या दिवशी एक फोटो खेचराचाही काढला, रिकाम्या पाठीचा.

तात्पर्य: आपल्या हाती काय आहे ते ज्याला न बघता कळतं, त्यालाच समोर काय आहे ते दिसतं.