खाडीचा बिनपगारी पहारेकरी

सावखाडीच्या तोंडाशी सरदारांच्या चैनीच्या नौका नांगर टाकून बसल्या आणि हलेनात! आत गाणंबजावणं, मटणाचे हंडे. मागे कोळ्यांच्या होड्या अडकलेल्या. समुद्रात जायला वाटच नाही. राजा धाररावाने हुकूम काढला, "भरती संपली की नांगर उचला." सरदारांनी नांगर उचलला, नौका हातभर सरकवली आणि तिथेच पुन्हा टाकला. राजाने पहारेकरी नेमला. सरदारांनी त्याला नौकेवर जेवायला बोलावलं. तो पोटभर जेवला आणि तिथेच घोरू लागला. असले हे शूर आणि असला त्यांच्यावरचा पहारा!

कोळी पुन्हा दरबारात आले. राजाचा मेहुणा अंबरराव याची नौका सगळ्यांत मोठी. त्याने नाकाला रुमाल लावला.

"दाजी, वास मारतो यांचा! कोळीवाडाच डोंगरापलीकडे हलवा. कटकट मिटेल."

राजा हट्टी. रोजच्या तक्रारींना विटलेला.

"ऐका रे! लाच न खाणारा, न झोपणारा, कुठल्याही सरदाराला न भिणारा पहारेकरी मला आणून द्या. पगार एक कवडी मिळणार नाही. पौर्णिमेपर्यंत आणा, नाहीतर कोळीवाडा हलेल!"

दरबार हसला. कोळ्यांच्या माना खाली गेल्या. डोंगरापलीकडे कोळ्याने जाळं कशावर टाकायचं? तेवढ्यात काशा नाखव्याची मुलगी चांगुणा पदर खोचून पुढे आली.

"असा पहारेकरी आहे महाराज. पण तो खाडीच्या कडेला असलेल्या केवड्याच्या बेटामागेच पहारा देतो. नौकांनी तिथेच थांबावं, दुसरीकडे कुठेही नाही, एवढा हुकूम द्या."

"दिला! आणि थांबायचं किती वेळ?"

"ते तो बघेल."

अंबररावाने मिशीला पीळ दिला. "काय गं, मिशा तरी आहेत का तुझ्या पहारेकऱ्याला?"

"नाहीत सरदार. आणि दुसऱ्याच्या मिशांचंही त्याला काही वाटत नाही."

पौर्णिमेला भर भरतीत अंबररावाची नौका सगळ्यांच्या आधी बेटामागे आली. जागा नामी. शांत पाणी, सावली, वारा. नांगर पडला. राजा गंमत बघायला काठावर बसला.

दुपारी चांगुणा होडी वल्हवत नौकेजवळ गेली.

"सरदार, पाणी फिरलं. निघा आता."

"मासळीवाली मला निघ म्हणते! पाठव तुझ्या पहारेकऱ्याला. बघू त्याचा दम!"

नौका हाकणारा तांडेल चाचरला. "सरकार, इथे ओहोटीला..."

"गप्प! नौका तुझी की माझी?"

अंबरराव मटणावर ताव मारून आडवा झाला. चांगुणा काठाला लागली.

आणि पाणी निघालं. बघता बघता बेटामागे नुसता काळा चिखल उरला. नौका एका अंगावर कलंडली! हंडे घरंगळले. रस्सा गालिच्यावर सांडला. तबलजी तबल्यासकट गवयाच्या मांडीवर आदळला. अंबरराव दचकून उठला आणि त्याने रागारागाने खाली उडी मारली ती थेट गुडघ्यापर्यंत चिखलात! नौकेची कड धरून तो ओरडला, "दाजी! मला घरी न्या!"

बाकीच्या सरदारांच्या नौका लांबूनच मागे फिरल्या.

राजा म्हणाला, "चांगुणा, जा, होडी ने आणि आण त्याला."

"होडीला पाणी हवं महाराज, आणि पाणी आता भरतीलाच येईल. तोवर सरदारांनी नौकेवर चढून बसावं. पहारेकरी परत आला की त्यांना सोडेल."

"अस्सं! म्हणजे समुद्र हा तुझा पहारेकरी?"

"तोच! लाच खात नाही, झोपत नाही, पगार मागत नाही. वेळेत निघालं तर अडवत नाही. आणि कोण कुणाचा मेहुणा, हे तर तो विचारतच नाही!"

राजाने चिखलातल्या मेहुण्याकडे पाहिलं आणि तो खो खो हसत सुटला.

"हा पहारा कायम! कोळीवाडा जागचा हलणार नाही. आणि ती नौका आजपासून तुझी!"

चांगुणाने नौका न्याहाळली. मधोमध चांदीच्या कड्यांचा झोपाळा तिरका लोंबत होता.

"घेते महाराज. झोपाळा मात्र सरदारांनाच परत द्या. आमचे मासे झोके घेत नाहीत!"

राजा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.