झोळीवर निजणारा सोन्या

“...आणि मागितलं नाही, तर तो उद्या मरणार. माई, मी करू तरी काय?”

माई ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. त्यांनी आणखी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि टरफल बाजूला ठेवलं.

“डॉक्टर काय म्हणाले ते पुन्हा सांगा. या खेपेला श्वास घेऊन सांगा, पाहुणे.”

पद्माकरने श्वास घेतला. तो आत्ताच तालुक्याहून एसटीने परतला होता. उपरण्यावर कुत्र्याची लाळ वाळली होती.

“सोन्याच्या आतड्यात काहीतरी अडकलंय. फोटोत दिसतं, पण काय ते कळत नाही. सलाईन लावून ठेवलंय. सकाळी पोट उघडायचं. डॉक्टर म्हणाले, मी माझे काही घेत नाही, पण भुलीचे, औषधांचे, पुढे ठेवून घ्यायचे... तेवढे तरी आणा.”

“बरेच आहेत?”

“मठाचं छप्पर नवं होईल एवढे.”

माईंनी वर पाहिलं. छपराच्या भोकातून उन्हाचा कवडसा थेट त्यांच्या सुपात पडला होता.

“आपल्या दानपेटीत मुंग्या आहेत,” त्या म्हणाल्या. “हव्या तर न्या.”

बोरटाक गावाबाहेर, नदीच्या वळणावर दत्ताचा हा मठ. मठ कसला, एक गाभारा, एक ओसरी, एक धुनी. माई तिथल्या गुरू. रोज दुपारी काठी टेकत त्या गावात जात, चार दारांशी उभ्या राहत आणि मिळेल ती भाजीभाकरी झोळीत घेऊन परत येत.

पद्माकर जात नसे. त्याचं अयाचित व्रत होतं. कुणाकडे काही मागायचं नाही, न मागता येईल तेवढ्यावर राहायचं. आणि येत असे. रोज कुणीतरी मठाच्या कट्ट्यावर फडक्यात बांधून भाकरी ठेवून जाई. कोण ठेवतं हे त्याने कधी पाहिलं नाही. पाहणं म्हणजेसुद्धा एक प्रकारचं मागणंच, असं त्याचं मत होतं.

माईंपेक्षा आपलं व्रत एक पायरी वरचं आहे, असं त्याला वाटे. तोंडाने म्हणत नसे. पण वाटे.

तो प्रथम आला, त्या दिवशी माईंनी विचारलं होतं, “नाव?”

“नाव, गाव, सगळं मागे टाकून आलोय.”

“बरं,” माई म्हणाल्या होत्या. “बसा, पाहुणे.”

तेव्हापासून तो पाहुणे. आपण सारेच या जगात पाहुणे आहोत, असा त्याने त्याचा अर्थ लावला होता. त्याला तो फार आवडला होता.

त्याच दिवशी माईंनी त्याला एक भगवी झोळीही दिली होती. त्याने ती खुंटीला अडकवली. मग एका थंडीत एक पिल्लू कुडकुडत मठात शिरलं. एक कान उभा, एक पडलेला, शेपटीचं टोक पांढरं. अंगाखाली घालायला दुसरं काही नव्हतं, म्हणून पद्माकरने झोळी काढून त्याच्याखाली पसरली. नाहीतरी ती रिकामीच होती.

नावाचा मोह सोडलेल्या पद्माकरने पिल्लाला नाव ठेवलं नाही. निदान चारचौघांत नाही. कुणी जवळपास नसलं, की तो त्याला सोन्या म्हणे. दुपारी भाकरीचे दोन भाग करी. अर्धी स्वतःला, अर्धी सोन्याला. सकाळी आपण ध्यानाला बसलो की सोन्या दाराशी राखण करत बसतो, अशी त्याची समजूत होती.

आज डॉक्टरांनी कागदावर लिहायला नाव विचारलं, तेव्हा तो पहिल्यांदा मोठ्याने म्हणाला, “सोन्या.” टेबलावर पडलेल्या सोन्याने तेवढ्यातही शेपटी हलवली होती...

“माई, ऐकताय ना?”

“ऐकतेय. तुम्ही गाभाऱ्यात दत्ताच्या पायाशी असलेली कुत्री रोज धुता.”

“धुतो.”

“ती बरी. कधी आजारी पडत नाहीत.”

पद्माकरला रडू आलं आणि रागही आला. “मी मागायला गेलो, तर माझं व्रत मोडेल.”

“मोडेल.”

“मग?”

“डॉक्टर उद्या काय फाडणार आहेत?”

“पोट.”

“आणि नंतर?”

“शिवणार.”

“...मग व्रताचंही तसंच बघू.”

माई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. कोपऱ्यात सोन्याचं अंथरूण पडलं होतं, मधोमध त्याच्या अंगाचा खळगा तसाच. माईंनी ते उचललं आणि दोनदा जोरात झटकलं. केसांचा ढग उडाला. माईंना शिंक आली.

मग ती झोळी त्यांनी पद्माकरच्या खांद्यावर टाकली आणि पुन्हा शेंगा फोडायला बसल्या.

गावात शिरताना पहिलं दार लागतं दगडूच्या पिठाच्या गिरणीचं. गिरणी जोरात चालली होती. पद्माकर उंबऱ्याशी उभा राहिला. झोळी पुढे केली. शब्द काही फुटेना.

“काय म्हाराज? दळाण आणलंय?” दगडूने आतून विचारलं.

“भिक्षा,” पद्माकर पुटपुटला.

“आं?”

“भिक्षा हवी होती.”

“काय ऐकू येत न्हाई. वरडून बोला की.”

पद्माकरने डोळे मिटले. जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि आता मागायचं तेही ओरडून. त्याने छातीत हवा भरली आणि ओरडला, “कुत्र्याच्या ऑपरेशनला पैसे पाहिजेत!”

वीज जायची ती त्याच वाक्याच्या मधोमध गेली. कुत्रं आणि ऑपरेशन गिरणीने गिळून टाकलं. ‘पैसे पाहिजेत’ एवढं मात्र चौकापलीकडच्या पारापर्यंत खणखणीत पोचलं.

पारावरची माणसं वळली. चहावाल्या सलीमचा हात किटली तिरकी करून तसाच राहिला.

“कुणाला पायजेत? मठातल्या म्हाराजांला?” पारावरून कुणीतरी विचारलं.

“ते कुठं मागत्यात?”

“आत्ता मागितले की. कान हाईत का फुटले?”

पद्माकरचे कान तापले. पळून जावं असं वाटलं. पण सोन्याची ती हललेली शेपटी डोळ्यांपुढून जाईना.

“कुत्र्यासाठी,” तो म्हणाला. आता हळू बोललेलंही सगळ्यांना ऐकू जात होतं. “मठातल्या कुत्र्यासाठी. फार आजारी आहे. एक कान पडलेला, शेपटी टोकाला पांढरी...”

दगडू पीठ झटकत बाहेर आला. “आमचा पिठ्या?”

“पिठ्या?”

“रोज सकाळी हितं लोळून पांढराफेक हून जातोय की. काय झालं त्याला?”

“पिठ्या कसला? त्यो कंडक्टर हाय,” सलीम म्हणाला. “एसटी आली की परत्येक पाशिंजराफुडं जाऊन बसतोय. बिस्कीट घेतल्याबिगर गाडी सोडत न्हाई.”

“काहीतरी बोलू नका,” शाळेचे सावळे मास्तर पारावरून उतरत म्हणाले. “त्याचं नाव रावसाहेब. प्रार्थना संपली की येतो आणि पहिल्या बाकाखाली झोपतो. तपासणीला आलेले साहेब झोपतात, अगदी तसाच.”

पद्माकर तिघांकडे पाहत राहिला. दाराशी राखण करणारा सोन्या त्याच्या डोळ्यांपुढे एकदा उभा राहिला आणि शेपटी हलवत गावाकडे निघून गेला.

दगडूने गल्ल्यातली मूठ झोळीत सोडली. ते पाहून सलीमने दोन मुठी सोडल्या. “कंडक्टर माझ्याकडं जास्त असतोय,” तो म्हणाला. दगडू इरेला पेटून पुन्हा गल्ल्याकडे गेला. मास्तरांनी पाकीट काढलं, उघडलं, विचार केला आणि सगळंच काढून दिलं.

पुढच्या गल्लीत पद्माकरला तोंड उघडावं लागलं नाही. बातमी त्याच्या आधी दारादारांत पोचली होती. एका घरात सोन्याचं नाव बादशा निघालं, एका घरात नुसतंच जावईबापू, कारण येतो तो जेवणाच्या वेळेला येतो आणि नाक मुरडून खातो. कुणी नोटा दिल्या, कुणी अंडी. एका म्हातारबाबांनी झोळी हुंगून पाहिली आणि म्हणाले, “खरंच त्याचीच हाय बघा.” मग आपल्या बंडीच्या आतल्या खिशात हात घातला.

शेवटचं घर हौसाबाईचं. ती एकटीच राहते. तिने पदराची गाठ सोडली आणि जे होतं ते झोळीत टाकलं.

“एवढं नको, मावशी,” पद्माकर म्हणाला. त्याला स्वतःचंच नवल वाटलं. मागायला आलेला माणूस नको म्हणत होता.

“ऱ्हाऊ द्या. त्यो माज्यासंगट मठापतुर येतोय रोज. भाकर ठेवाया.”

“भाकर...?”

“कट्ट्यावर. मीच ठेवती न्हवं.”

कित्येक वर्षं तो जी भाकरी खात होता, ती थापणारे हात समोर होते. बोटं चुलीने काळवंडलेली, अंगठ्याला चिंधी बांधलेली.

“एक इचारू?” हौसाबाई म्हणाली. “त्या कुत्र्याला गावानं ढीगभर नावं ठेवल्यात. तुमचं नाव काय वो?”

...

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी सोन्याच्या पोटातून जे काढलं, ते चिमट्यात धरून पद्माकरला दाखवलं. बोटभर लांब, काळं, घट्ट पिळलेलं कापड होतं.

“हे काय आहे, सांगता येईल?”

पद्माकरने बघताक्षणी ओळखलं. पहाटे दत्तापुढे काकडआरती होते. तिला लागणारा कापडी काकडा तो स्वतः वळी आणि तुपात भिजवी. विझला की उरलेलं टोक धुनीत टाकायचं, हा मठाचा नियम. पण सोन्या आजारी पडला, त्या दिवशी ध्यानाला उशीर व्हायला नको म्हणून त्याने ते कट्ट्यावर ठेवलं होतं आणि डोळे मिटून बसला होता.

“काकडा,” तो म्हणाला. “माझी सेवा आहे ती.”

डॉक्टरांनी वास घेतला. “तूप फार घालता.”

काही दिवसांनी सोन्या एसटीने परत आला. पोटाला टाके, आणि ते चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेलं प्लास्टिकचं भलंमोठं नरसाळं. थांब्यावर निम्मं गाव होतं. पिठ्या, कंडक्टर, रावसाहेब, बादशा, एकच गलका उठला. सोन्या प्रत्येक नावाला शेपटी हलवत होता. नरसाळ्यासकट तो दगडूच्या पायांत शिरला, तिथून सलीमकडे गेला आणि चहाच्या टेबलाला अडकून बसला. सगळे हसले. पद्माकर तर इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मठातल्या महाराजांना हसता येतं, ही त्या दिवशी बोरटाकात सोन्याएवढीच मोठी बातमी होती.

मठात आल्यावर माईंनी सोन्याचा ताबा घेतला. त्याचं डोकं मांडीवर घेऊन, नरसाळ्यात हात घालून, चमच्याने पातळ पेज भरवत त्या बसून राहिल्या. दुपार झाली तरी त्या गावात गेल्या नाहीत.

कट्ट्यावरची भाकरी घेऊन पद्माकर ओसरीवर आला. आज त्याने हौसाबाईला येताना पाहिलं होतं, पुढे होऊन तिच्या हातून फडकं घेतलं होतं आणि ती दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला होता.

“माई, व्रत मोडलं.”

“हं.”

“त्याला प्रायश्चित्त काय?”

माईंनी सोन्याच्या मिशांना लागलेली पेज पदराने पुसली.

“हौसाबाईंनी मला नाव विचारलं,” पद्माकर म्हणाला. “इतकी वर्षं त्यांची भाकरी खातोय. त्यांना माझं नाव ठाऊक नव्हतं, मला त्यांचं.”

“मग?”

“सांगितलं.”

“काय सांगितलं?”

“पद्माकर.”

सोन्या डोळे मिटून झोळीवर कलंडला. नरसाळं फरशीवर खटकन वाजलं.

पद्माकरने भाकरी घेतली आणि सवयीने तिचे दोन भाग केले. अर्धी पानात ठेवली. उरलेली अर्धी सोन्यापुढे नेली आणि मग आठवलं, की त्याला अजून भाकरी चालणार नाही. हात तसाच हवेत राहिला...

माईंनी पेजेचं भांडं खाली ठेवलं. हात पदराला पुसला. मग ओंजळ करून ती शिष्यापुढे धरली.

“पद्माकर,” त्या म्हणाल्या, “मला भूक लागलीय. ती अर्धी मला देतोस?”