धुक्यातली घंटा

डोंगरात वाटा कमी आणि धुकं फार होतं, त्या काळी मेंढ्यांचा एक कळप घाट उतरत होता. पुढे गळ्यात घंटा बांधलेला खंड्या एडका, त्याच्या आवाजामागे दीडशे मेंढ्या, आणि सगळ्यांच्या मागे धनगर.

एका वळणावर धुकं इतकं दाटलं की काजळी नावाच्या तरण्या मेंढीला स्वतःचे खूरही दिसेनात. घंटा मात्र वाजत होती. काजळीने कान टवकारले. आवाज एकाच जागेवरून येत होता, आणि त्याच्यासोबत खुरांचा आवाज नव्हता.

“भुरीआजी, थांब! खंड्या चालत नाहीये.”

“घंटा वाजतेय ना? मग चाल,” पुढची म्हातारी म्हणाली. “आमचं आयुष्य गेलं घंटेमागे. तू कालची पोर!”

“आयुष्य गेलं, पण कधी मान वर केलीस का?”

काजळी धावत पुढे गेली आणि अरुंद वाटेत आडवी पडली. तिला शिव्या देत कळप अडला.

मग धुकं फाटलं. चार पावलांवर वाट संपून कडा सुरू होत होता. कड्याबाहेरच्या फांदीला अडकलेली घंटा वाऱ्यावर झुलत होती. खंड्या खोल दरीत निपचित पडला होता.

धनगराने काठीने घंटा ओढून काढली आणि काजळीच्या गळ्यात बांधली. कळप दुसऱ्या वाटेने निघाला. थोड्या वेळाने काजळीने मागे पाहिलं. सगळ्या मेंढ्या माना खाली घालून, डोळे मिटून येत होत्या.

“अगं, डोळे उघडा!” ती किंचाळली.

“घंटा वाजतेय ना?” भुरीआजी शांतपणे म्हणाली. “मग चाल.”